मुख्याध्यापक : पदनाम, विभक्ती आणि स्वास्थ्य

एखाद्या पदाची प्रतिष्ठा त्याच्या नावात असते. परंतु त्या पदावर बसलेल्या मनुष्याची स्थिती पाहावयाची असेल तर त्या नावास वाक्यात कोणती विभक्ती मिळते तिकडे पाहावे. बीड जिल्ह्यातील शाळांच्या मुख्याध्यापकांविषयी बोलताना हे विशेषत्वाने ध्यानात येते. त्यांच्या कामाचे तास, त्यांचे वेतन, त्यांच्या रिक्त जागा यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. त्यांना उद्देशून रोज जे लिहिले जाते त्या लेखनाची चिकित्सा मात्र क्वचितच होते. वास्तविक, परिपत्रक हा मराठी गद्याचा आज सर्वाधिक लिहिला जाणारा आणि सर्वाधिक धास्तीने वाचला जाणारा प्रकार असून मुख्याध्यापक हा त्याचा सर्वांत निष्ठावंत वाचक आहे. वाङ्‌मयाच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे पाठ फिरविली, हे समजण्यासारखे आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तसे करण्याचे कारण नाही.

शाळाप्रमुखांचे कामावरील स्वास्थ्य हा विषय अन्य देशांत गेली काही वर्षे स्वतंत्रपणे अभ्यासिला जात आहे. ऑस्ट्रेलियात फिलिप रायली यांनी २०११ साली मुख्याध्यापकांच्या आरोग्याची व कार्यस्थितीची वार्षिक पाहणी सुरू केली. तीत वर्षानुवर्षे दोन तक्रारी अग्रभागी राहिल्या : कामाचा निव्वळ डोंगर, आणि अध्यापन-अध्ययनाकडे लक्ष देण्यास वेळ न उरणे. यांतील दुसरी तक्रार अधिक अर्थपूर्ण होय. काम फार आहे एवढेच ती सांगत नाही. जे काम आपले, तेच हातून निसटले, असे ती सांगते. आपल्याकडे हा विषय येतो तो बहुधा ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या मथळ्याच्या एखाद्या व्याख्यानातून. हा शब्दप्रयोगच तपासण्याजोगा आहे. ताण ज्याला झाला त्यानेच त्याचे व्यवस्थापन करावयाचे, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे आधीच्या पंचवीस नोंदवह्यांत ही सव्विसावी. त्याऐवजी मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे तो ‘स्वास्थ्य’. स्वतःच्या ठायी स्थित असणे हा त्याचा मूळ अर्थ. शरीराचे आरोग्य व मनाची स्थिरता या दोहोंस मराठी मनुष्य हा एकच शब्द लावतो आणि त्याच्या अभावास ‘अस्वस्थ’ म्हणतो. आपल्या जागी नसलेला तो अस्वस्थ, ही व्याख्या मुख्याध्यापकास किती तंतोतंत लागू पडते ते पुढे दिसून येईल.

बीड जिल्ह्याने या पदाची तीन नावे पाहिली आहेत. हैदराबाद संस्थानाच्या काळात शाळेचा प्रमुख तो ‘सदर मुदर्रिस’. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि कागदोपत्री ‘मुख्याध्यापक’ हे नाव स्थिरावले. उर्दू शाळांतून पहिले नाव आजही प्रचारात आहे. गावाच्या तोंडी मात्र ‘हेडमास्तर’ हेच रूढ राहिले. अरबी, इंग्रजी व संस्कृत अशा तीन दिशांनी आलेल्या या तिन्ही नावांची घडण एकच आहे. ‘मुदर्रिस’ म्हणजे धडा देणारा, ‘मास्तर’ म्हणजे शिकविणारा, ‘अध्यापक’ तर उघडच. आधीचे पद केवळ विशेषण. ‘मुख्याध्यापक’ हा कर्मधारय समास असल्यामुळे त्यातील प्रधान अर्थ उत्तरपदात आहे : हा मनुष्य प्रथम अध्यापक, मग मुख्य. तीन भाषांनी, तीन राजवटींत, परस्परांस न विचारता हीच साक्ष द्यावी, ही गोष्ट साधी नव्हे.

परंतु या नामाबरोबर जी क्रियापदे व जी सहचारी नामे येतात त्यांची जात निराळी आहे. मुख्याध्यापक ‘पदभार’ स्वीकारतो, त्याच्याकडे ‘कार्यभार’ असतो, नियमित नेमणूक नसेल तर तो ‘प्रभारी’ असतो, आणि बदली झाली की ‘भारमुक्त’ होतो. सर्वत्र वाहणे या अर्थाचा ‘भृ’ धातू आहे. शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यातील शब्द ‘चार्ज’. पण त्या शब्दाचेही मूळ गाडीत माल लादणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जाऊन पोहोचते. म्हणजे संस्कृतातून आलेला शब्द घ्या वा इंग्रजीतून आलेला, ओझे टळत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तेव्हाच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद केली, व सहावी ते आठवीसाठी ही संख्या १०० हून अधिक अशी धरली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वस्त्यांवर व तांड्यांवर एवढा पट कोठून यावा? तेथे दोन शिक्षकांपैकी जो ज्येष्ठ, त्याच्याकडे ‘चार्ज’ येतो. तो दोन-तीन वर्ग एकत्र बसवून शिकवितो आणि उरलेल्या वेळात मुख्याध्यापक असतो. खरे पाहता उलटेच घडते : तो मुख्याध्यापकी करतो आणि उरलेल्या वेळात शिकवितो. पदोन्नतीचा आदेश आला असता ती नाकारणारे, किंवा ‘चार्ज’ दुसऱ्याकडे द्यावा म्हणून अर्ज करणारे शिक्षक हे आता नवल राहिलेले नाही. नावात सन्मान असलेले पद लोक लेखी नाकारू लागतात तेव्हा त्या नावाच्या अर्थात काही बिघाड झाला आहे, असे समजावयास हरकत नाही.

हा बिघाड परिपत्रकाच्या वाक्यरचनेत स्पष्ट उमटलेला आहे. परिपत्रक कोणत्याही विषयावरचे असो, तांदळाच्या साठ्याचे असो, वृक्षारोपणाचे असो, की आधार जोडणीचे असो, त्यात तीन प्रकारची वाक्ये ठरलेली असतात. प्रथम, ‘असा निर्णय घेण्यात आला आहे.’ येथे निर्णय आहे, घेणारा नाही. ‘-ण्यात येणे’ या रचनेची ख्याती हीच की तिच्यात कर्ता दडून बसतो आणि वाक्यास त्याची उणीवही भासत नाही. त्यानंतर, ‘मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात माहिती सादर करावी.’ येथे मुख्याध्यापक अवतरतो, पण तृतीयेत. आणि प्रयोग कर्मणी असल्यामुळे क्रियापद चालते ते माहितीच्या तंत्राने. माहिती असेल तर ‘करावी’, अहवाल असेल तर ‘करावा’, प्रमाणपत्र असेल तर ‘करावे’. लिंग-वचन कागदाचे, करणाऱ्या मनुष्याचे लिंग नाही, वचन नाही. शेवटचे वाक्य सर्वांच्या परिचयाचे : ‘विलंब झाल्यास संबंधित मुख्याध्यापकास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’ येथे तो द्वितीयेत गेला, कर्म झाला. धरणारा पुन्हा अदृश्य. ‘व्यक्तिशः’ हे क्रियाविशेषण मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. सबंध परिपत्रकात व्यक्ती म्हणून कोणाचा उल्लेख झाला असेल तर तो एवढाच.

यावर असा आक्षेप येईल की, विध्यर्थात कर्ता तृतीयेत जातो हा मराठीचा नियम होय. त्यात परिपत्रक लिहिणाऱ्याचा काय दोष? आक्षेप अर्धा खरा आहे. नियम भाषेचा आहे, पण रचनेची निवड लिहिणाऱ्याची असते. ‘शाळेचे वेळापत्रक मुख्याध्यापक ठरवतील’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्यात तो प्रथमेत आहे, कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्या मागे चालते. असे वाक्य व्याकरणाने अडविलेले नाही. ते दुर्मिळ आहे याचे कारण व्याकरणाबाहेर आहे. मुख्याध्यापक प्रथमेत सापडतो तो प्रायः शेरेपुस्तकात, आणि तेही अशा वाक्यात : ‘भेटीच्या वेळी मुख्याध्यापक शाळेत अनुपस्थित आढळून आले.’ भेट देणारा तपासनीस व तालुक्यास टपाल घेऊन गेलेला मुख्याध्यापक यांची मोटार रस्त्यात एकमेकींस ओलांडून गेलेली असते. ज्या एका ठिकाणी त्याला कर्तेपण मिळावे, तेथे त्याची क्रिया ‘नसणे’ ही असावी, यात विनोद आहे. पण तो ज्याच्यावर होतो त्याला हसू येत नाही.

‘टपाल’ या शब्दाचाही अर्थ या जगात पालटला आहे. टपाल म्हणजे आलेली पत्रे नव्हेत. वर द्यावयाची माहिती. ती नसेल तरीही द्यावी लागते. ‘माहिती निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा’ हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले त्याला शून्याचे मोल भारतीय गणितज्ञांइतकेच कळले असले पाहिजे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी लांबलचक कापडावर पासोडी लिहिली; तिच्याशी स्पर्धा करील एवढे लेखन आज जिल्ह्यातील एकेक शाळा वर्षभरात करते. फरक इतकाच की पासोडी कोणी तरी वाचावी म्हणून लिहिली गेली होती. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’तील तरुण मास्तरही पुष्कळ लिहितो, पण ते गावकऱ्यांची पत्रे व अर्ज लिहितो. त्याचे लेखन गावातून बाहेर जाते ते गावासाठी. त्यामुळे त्याला गाव मिळते. आजच्या प्रभारी मुख्याध्यापकाचे लेखन गावाविषयी असते, गावासाठी नसते. ते त्याला गावापासून आणि वर्गापासून दूर नेते.

बीडमध्ये या विसंगतीस ऋतू आहे. दसरा झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कित्येक गावे निम्मी रिकामी होतात ती उन्हाळा लागेपर्यंत. मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेल्या नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. हत्यारावरून मनुष्य ओळखण्याची ही लक्षणा अलंकारशास्त्राच्या पुस्तकात शोभली असती. हिशेबाच्या वहीत ती कठोर वाटते. या जोडीबरोबर मुले गेली तर वर्ग ओस पडतो. न गेली तर त्यांचे पाहावयाचे कोणी? आजी-आजोबांच्या आसऱ्याने गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते आणि समितीचा सचिव पदसिद्धपणे मुख्याध्यापक असतो. जी मुले जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे, म्हणजे कारखान्याकडच्या शाळेत त्यांना बसता यावे. कोणते मूल गेले, कोणते राहिले, कोणते अर्ध्यातून परत आले, कोणती मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी नेली गेली, याचा खरा ठाव गावात एकाच मनुष्याला असतो.

आता कागदाचा काळ पाहा. शिक्षकांच्या पदांची संचमान्यता आणि यू-डायसची नोंद यांसाठी पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. टोळ्या हलतात त्यानंतर. त्यामुळे ऑक्टोबरपासून पुढे मुख्याध्यापक दोन संख्यांच्या मध्ये उभा असतो : पटावरची आणि बाकावरची. पहिली खाली आली तर शिक्षकाचे पद जाते. दुसरी खाली आली की तांदळाच्या साठ्यापासून शेरेपुस्तकापर्यंत सर्वत्र खुलासा द्यावा लागतो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत सबंध महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता. पडताळणीस कारणही होते. राज्यात अनेक ठिकाणी खोटे पट फुगविले गेले होते आणि त्यात शाळाप्रमुखांचा हात नव्हता असे म्हणता येणार नाही. तपासणी नको, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. परंतु त्या पडताळणीनंतर खोटेपणाचा संशय हा व्यक्तीकडून पदाकडे सरकला. ज्याने कधी एक नाव जादा लिहिले नाही त्यालाही रिकाम्या बाकाचा खुलासा आरोपीच्या सुरात लिहावा लागू लागला. बाक रिकामा आहे तो मूल उसाच्या फडात आहे म्हणून. आणि फडाचे अर्थकारण शाळेच्या दप्तरात कोठे लिहावयाचे त्याला रकाना नाही.

‘जबाबदार’ हा फारसी घडणीचा शब्द येथे पुन्हा आठवतो. ‘जवाब’ बाळगणारा तो जबाबदार. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला प्रश्न विचारणे हे ओघानेच येते. मुख्याध्यापकाजवळ उत्तरे पुष्कळ आहेत : कोणत्या घरातली मुलगी का थांबली, कोणत्या मुकादमाशी बोलले असता मूल मागे राहील, वसतिगृहाचा निधी कोणत्या महिन्यात आला तर उपयोग. ही उत्तरे कोणी मागत नाही. त्याला ‘जबाबदार’ म्हणतात, पण विचारीत मात्र नाहीत. रकाने भरून घेतात. त्याचा जोडशब्द ‘अधिकार’. पाणिनीच्या शास्त्रात अधिकारसूत्र स्वतः कोणतेही कार्य सांगत नाही. ते पुढील प्रत्येक सूत्रात अनुवृत्तीने उतरते आणि त्यास अर्थ देते. शाळाप्रमुखाचे काम याहून निराळे नाही. चांगल्या मुख्याध्यापकाची क्रिया वेगळी दाखविता येत नाही. ती प्रत्येक वर्गात उतरलेली असते. अशा कामाची नोंद विहित नमुन्यात होणे अवघड आहे, हे मान्य. पण म्हणून नमुन्यात बसते तेवढेच काम, असे ठरविणे हे शास्त्र नव्हे.

शेऱ्याचे सामर्थ्य केवढे असते याचे दुःखद उदाहरण इंग्लंडात अलीकडे घडले. रेडिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांच्या शाळेची तपासणी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली व सर्वोच्च श्रेणीवर असलेली शाळा एकाच शब्दाने सर्वांत खालच्या श्रेणीत गेली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांच्या मृत्यूस तपासणीचाही हातभार लागला, असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्याने त्याच वर्षी डिसेंबरात नोंदविला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी एकशब्दी एकूण शेऱ्याची पद्धत तेथे बंद करण्यात आली. आपल्याकडे २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यापासून ‘प्रगत’ व ‘अप्रगत’ ही विशेषणे शिक्षकांच्या बोलण्यात मुलांना, शाळांना आणि नकळत माणसांनाही लागू लागली. ‘अशैक्षणिक काम’ हा शब्दही असाच. २०२४ साली शासनाने कामांचे शैक्षणिक व अशैक्षणिक असे वर्गीकरण केले, हे पाऊल योग्य दिशेचे होय. तरी ज्या कामाचे नाव केवळ नकाराने सांगावे लागते त्या कामाने दिवसाचा किती भाग व्यापला असेल, हे त्या नकारावरूनच ओळखावे.

याच जिल्ह्यात याहून वेगळे मुख्याध्यापकत्व होऊन गेले आहे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, आले आणि १९३८ साली मुक्तिसंग्रामात उतरेपर्यंत त्यांनी योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा सांभाळली. ‘धुरा’ हा शब्द येथे सवयीने लिहिला जातो, पण तोही ओझ्याचाच आहे. धुर् म्हणजे जू. जू वाहण्यास समर्थ तो ‘धुरीण’, आणि धुरीणाचा अर्थ मराठीत पुढारी असा झाला. भार आणि धुरा यांत वजनाचा फरक नाही. भार ज्याच्यावर असतो तो जागच्या जागी वाकतो. धुरा ज्याच्या खांद्यावर असते तो पुढे चालत असतो आणि गाडी कोठे न्यावयाची हे त्याच्या चालण्यावर असते. निजामी अमलाखाली राष्ट्रीय वृत्तीची शाळा चालविणे हे आजच्या कोणत्याही परिपत्रकाहून धोक्याचे काम होते. तथापि शाळेत काय घडावे हे शाळेत ठरत होते.

मात्र या उदाहरणाचा एक दुरुपयोग नेहमी होतो. शिक्षकदिनाच्या भाषणांत त्यागाची भाषा येते, शिक्षकी हे ‘व्रत’ म्हटले जाते आणि मग गृहस्थाश्रमी, पगारावर जगणाऱ्या मनुष्याने तक्रार करणे हे व्रतभंगासारखे दिसू लागते. व्रत स्वतः घ्यावयाचे असते. आदेशाने आलेल्या पदभारास व्रत म्हणणे हा शब्दाचाही गैरवापर आहे आणि माणसाचाही. संन्याशाच्या तुलनेत उभे करून कोणा गृहस्थास स्वास्थ्य लाभत नाही.

गेल्या काही वर्षांत परिपत्रकाने स्थलांतर केले आहे. ते आता कागदावर कमी आणि व्हॉट्सॲपच्या समूहावर अधिक येते. वरवर पाहता सोय झाली. परंतु कागदाच्या परिपत्रकास आवक बारनिशीत क्रमांक पडत असे, तारीख पडत असे; शाळा सुटल्यावर आलेले पत्र दुसऱ्या दिवशीचे होई. मोबाईलवरील संदेशास आवक नाही, म्हणून त्याला वेळही नाही. तो जेवणाच्या ताटाजवळ येतो, रविवारी येतो, लग्नमंडपात येतो, आणि वाचल्याची खूण आपोआप उमटत असल्यामुळे न वाचल्याचा लाभही घेता येत नाही. ‘उलट टपाली’ या शब्दात निदान टपालास लागणारा काळ गृहीत धरलेला होता. ‘तात्काळ’ या शब्दात तो धरलेला नाही. ‘रात्री मोबाईल वाजला की छातीत धडधडते’ असे वाक्य जिल्ह्यातील कोणत्याही केंद्रसंमेलनात ऐकावयास मिळेल, आणि ते ऐकून कोणी दचकत नाही, हे अधिक गंभीर होय.

अशा या दिनक्रमात मुख्याध्यापक स्वस्थ असतो ते केव्हा, याचे उत्तर हंगामी वसतिगृहात मिळते. सायंकाळी मुले जेवावयास बसतात. कोणाचा दात दुखत असतो, कोणाच्या आईचा कारखान्याहून फोन आलेला असतो आणि तो हेडमास्तरांच्याच मोबाईलवर आलेला असतो. परिपत्रकात या मुलांस ‘पाल्य’ म्हणतात. त्यांचा पालक त्या सहा महिन्यांत कोण, हे लिहिलेले नसते. काम येथेही कमी नाही. दिवस संपलेला असतो आणि घर दूर असते. तरी त्या वेळी तो जे वाढतो, जे विचारतो, ज्याला रागावतो, त्याचा कर्ता तोच असतो.

बदली किंवा सेवानिवृत्ती झाली की ‘चार्ज यादी’ होते. टेबले, खुर्च्या, कपाटे, नकाशे, वजनकाटा, गॅसच्या टाक्या, तांदळाचा शिल्लक साठा, संगणक चालू आणि बंद, शिक्के, शेरेपुस्तक, चाव्यांचा जुडगा : प्रत्येक वस्तूपुढे नग आणि शेरा. मुलांची संख्या या यादीत नसते. ती पटावर असते. यादीखाली दोन सह्या होतात, देणाऱ्याची व घेणाऱ्याची, आणि देणाऱ्याच्या सहीवर ‘भारमुक्त’ असे लिहिलेले असते.